रोझीनचा मोजा

आमच्या गावात दोन बाबतींत कोणी कोणाला खरं सांगत नाही: अळंबी कुठे सापडली आणि वरचा बर्फ कसा होता. बाकी सगळं सांगतात, अगदी नको तितकं. कोणाची सून कोणाशी भांडली, कोणाचं चीज यंदा बिघडलं, पाद्रीबाबांचं पोट कशानं दुखलं, सगळं. पण एखादा माणूस दुपारी डोंगरावरून खाली येतो, नाक उन्हानं भाजलेलं, तोंडावर लग्न ठरल्यासारखा आनंद, आणि त्याला विचारा, "काय रे, कसा होता बर्फ?" की तो मान हलवणार. "विचारू नकोस. नुसतं काँक्रीट. स्की मोडायच्याच राहिल्या." म्हणजे समजायचं, बर्फ उत्तम आहे आणि हा उद्या पहाटे पुन्हा तिथेच जाणार आहे.

याला आम्ही खोटं बोलणं म्हणत नाही. उभ्या घळीतला चांगला बर्फ एका सकाळपुरता असतो. पहिला माणूस उतरून गेला की मागच्याला त्याचं खरवडलेलं उष्टं मिळतं. मग कोण कशाला सांगेल? आमच्या शेजारच्या फिर्मांच्या बहिणीच्या दफनाच्या वेळी, खड्ड्याशी उभं राहून, फिर्मांनं पाद्रीबाबांच्या कानात सांगितलं होतं की दरीपलीकडच्या सावलीच्या उतारावरचा बर्फ सडलाय. पाद्रीबाबा म्हणाले, हो, मीही तेच ऐकलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं सावलीच्या उतारावर एकमेकांसमोर उभे. दोघांनी टोप्या काढून नमस्कार केला आणि बर्फाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मी सोलांज. वय सत्तावन्न. हिवाळाभर शाळेतल्या चिमुरड्यांना स्की शिकवते, म्हणजे टोकं जवळ, टाचा लांब, नाक पूस, रडू नकोस. उरलेला वेळ माझ्या उजव्या गुडघ्याची मनधरणी करते. यंदा त्यानं ऐकायचंच सोडलं. खाली शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेचा फोटो बघितला आणि म्हणाल्या, यात काही उरलेलं नाही, काढून धातूचा बसवू. गुरुवारची तारीख दिली. चाला, पोहा, नातवंडांबरोबर सोप्या उतारावर स्की करा, पण उड्या नाहीत आणि त्या तुमच्या घळी नाहीत. मी विचारलं, "किती दिवस?" बाई चांगल्या होत्या, पण त्यांना गोड बोलायची सवय नव्हती. "दिवस नाहीत. कायमचं."

आणि त्याच आठवड्यात मोजा भरला.

मोजा म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी घळ. दोन काळ्या कातळांच्या मधून वरपासून खाली येणारी पांढरी पट्टी. वरून सरळ, उभी, खोलीच्या रुंदीएवढी. मग टाचेशी एकदम वळते आणि टाचेच्या खाली काही नाही, नुसता कडा. वळण चुकलं की माणूस सरळ पुढे जातो, हवेत. वळण घेतलं की पाऊल मोकळं पसरतं आणि घरापर्यंत मऊ उतार. गावातल्या कोण्या रोझीनचा मोजा दोरीवर असाच वाळत असे म्हणतात. शामोनीहून येणारे बाहेरचे लोक त्याला नकाशातल्या भारदस्त नावानं ओळखतात. आम्ही मोजाच म्हणतो.

तो दर वर्षी भरत नाही. ओला बर्फ कातळाला चिकटला पाहिजे, मग थंडी पडली पाहिजे, मग वारा थांबला पाहिजे. कैक वर्षांत एखाद्या वेळी जमतं, तेही थोडे दिवस. एकदा भरला तेव्हा मला सातवा महिना होता. एकदा आई आजारी. एकदा मी खिंडीपर्यंत पोचले आणि असं धुकं आलं की स्वतःचे बूट दिसेनात. बाकी आयुष्य खिडकीतून बघण्यात गेलं. भांडी घासता घासता मी त्या घळीत किती वळणं घेतली असतील त्याला गणती नाही.

दुर्बिणीतून बघितलं, वरपासून टाचेपर्यंत दुधासारखा पांढरा. टाच मात्र आमच्या खिडकीतून कातळाआड जाते, ती दिसत नाही. मला इतका आनंद झाला की मी रेजीसला उठवलं. रेजीस माझा नवरा. रात्रपाळीला मोठं यंत्र चालवून सपाट उतार इस्त्री केल्यासारखे करतो, आणि स्टुलावर चढून बल्ब बदलायचा म्हटला तरी त्याचे हात थरथरतात. मी म्हटलं, "रेजीस, मोजा भरलाय, मी जाणार."

त्यानं उशी डोक्यावर घेतली. "मला सांगू नकोस गं. मला काही तरी दुसरं सांग. बाजारात जाते म्हण."

"बरं, बाजारात जाते."

"हां. येताना सॉसेज आण," म्हणाला आणि घोरायला लागला. असा माणूस भाग्यानं मिळतो.

पण मोज्यात एकटं उतरता येत नाही. तोंडाशीच बर्फाचा छज्जा पुढे आलेला, त्याखाली उघडा कातळ. तिथून दोरानं कोणीतरी खाली सोडावं लागतं. आणि एकमेकांवर डोळा ठेवायला माणूस लागतोच. माझी नेहमीची जोडीदारीण मारीव्होन लेकीच्या बाळंतपणाला लियाँला गेलेली. म्हणजे मला कोणाला तरी विचारावं लागणार, आणि विचारायचं तर खरं सांगावं लागणार.

रविवारी सकाळी मी नादेजच्या बेकरीत गेले. निम्मा गाव तिथे पावाच्या रांगेत. मी दारातच उभं राहून मोठ्यानं म्हटलं, "मोजा भरलाय. वरपासून खालपर्यंत. उद्या पहाटे जायचंय. मला एक जोडीदार हवाय."

मग कोणीतरी खाकरलं. नादेज गल्ल्यामागून माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी वेडीवाकडी शिवी दिली.

"भरलाय?" ती म्हणाली.

"भरलाय."

"चांगला बर्फ?"

"उत्तम."

"आणि हे तू आम्हाला सांगतेयस. सगळ्यांना."

"मला जोडीदार हवाय, नादेज."

रांगेतला बचाव पथकातला लुदोविक हसायला लागला. "सोलांजकाकू, इतकं वाईट खोटं मी अजून ऐकलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी उद्या मोज्याखाली जाऊन बसायचं, आणि तुम्ही तिकडे सावलीच्या उतारावर एकट्या मजा करणार. बरोबर ना?"

"अरे, मी खरं सांगतेय."

"तेच तर. कधीपासून?"

माझा गुडघा, माझी तारीख, सगळं मी सांगितलं. त्यावर एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, गुडघ्याचं पण आणलंन मधे, बघ, म्हणजे सावलीचा उतार फारच छान असणार. सोमवारी बेकरी बंद असते, त्यामुळे नादेजही मोकळी. मी पाव घेऊन बाहेर पडले तेव्हा आत सगळे उद्या किती वाजता निघायचं ते ठरवत होते, सावलीच्या उतारावर. मला हसावं की रडावं कळेना. आयुष्यभर खोटं बोलून बर्फ राखला, आणि एकदा खरं बोलले तर अख्खा गाव भलतीकडे पाठवला.

संध्याकाळी मी अंगणात स्कींना धार लावत बसले होते. निदान धार तरी लावू, म्हटलं. कुंपणापलीकडे फिर्मां येऊन उभा राहिला.

फिर्मां शेजारी. सत्तरीचा, जुना वाटाड्या, अंगानं अजून वेतासारखा. आणि गावातला सगळ्यात मोठा थापाड्या, हे सर्वांनी मान्य केलेलं. दर हिवाळ्यात एकदा तरी तो दारूच्या टेबलाशी मोज्याची गोष्ट सांगतो. तरुणपणी कसा उतरला, टाचेशी श्वास कसा धरला, डाव्या भिंतीला खांदा घासत कसा वळला. ती एक गोष्ट तेवढी खरी, असं लोक म्हणतात. मी त्याला तुम्ही म्हणते, पण ते खाली. आमच्याकडे डोंगर चढताना झाडं संपली की सगळे एकमेकांना तू म्हणतात, राजा असो की पाद्री. मला ती झाडं संपायची वाट बघायला आवडतं.

"धार फार काढतेयस, सोलांज," तो म्हणाला. "सावलीच्या उताराला एवढी लागत नाही."

"मी सावलीला जात नाहीये. सकाळी बेकरीत सांगितलं, तुम्ही होतात तिथे."

"होतो. तुझे कान बघत होतो."

"काय झालं माझ्या कानांना?"

"बर्फाबद्दल खोटं बोललीस की लाल होतात. तीस वर्षं बघतोय. तू 'काँक्रीट' म्हणालीस की मी कान बघायचो आणि दुसऱ्या दिवशी तिकडेच जायचो. आज सकाळी पांढरे होते."

मी कानस खाली ठेवली. इतकी वर्षं मला वाटत होतं, हा म्हातारा वास घेऊन बर्फ हुडकतो. जिथे जावं तिथे याच्या स्कीच्या खुणा आधीच. आणि त्याला सगळं माझ्याच डोक्याच्या दोन्ही बाजूंना लिहिलेलं मिळत होतं.

"म्हणजे तुम्ही येताय?"

"पहाटे. चर्चच्या मागे. दोर माझा आणतो."

"खरं सांगताय की नेहमीचं?"

"ते पहाटे कळेलच," तो म्हणाला आणि आत गेला.

पहाटे तो होता. माझ्या आधी. कपाळावर दिवा बांधून, तोंडात पावाचा तुकडा. आम्ही जंगलातून मागच्या बाजूनं चढायला लागलो. मोज्याच्या पाठीमागून खिंडीपर्यंत सोपी वाट आहे, सोपी म्हणजे लांब आणि कंटाळवाणी. झाडं संपली तेव्हा नुकतं फटफटलं होतं. ताजा बर्फ गुडघाभर. फिर्मां पुढे, वाट पाडत, मी त्याच्या पावलांत पाऊल ठेवत. दर थोड्या वेळानं मी म्हणायची, दे आता मला पुढे. तो ऐकायचा नाही.

"थकलास, कबूल कर."

"गुडघा कोणाचा गेलाय, तुझा की माझा?"

"माझा. पण तुझी जीभ थकलेली दिसतेय, बराच वेळ एकही थाप नाही."

त्यावर तो नुसता हसला. मला ते जरा विचित्र वाटलं. शेवटच्या चढावर आम्ही बुटांना काटे लावले, स्की पाठीवर घेतल्या. माझा गुडघा प्रत्येक पावलाला आतून चावत होता. मी त्याला मनातल्या मनात समजावत होते, आजचा दिवस काढ, मग तुला कोणी त्रास देणार नाही. हे म्हणताना मला त्याची कीव आली.

खिंड दारापेक्षा फार रुंद नाही. पलीकडे पाऊल टाकायला जागाच नाही. छज्ज्यावरून वाकून बघितलं आणि मी शेजारचा कातळ घट्ट धरला. खिडकीतून ती पट्टी दिसते. वरून ती विहीर दिसते. खाली, फार खाली, सावली वळून कातळाआड जात होती. तीच टाच. बर्फ मात्र जसा हवा तसा, कोणाचं बोट न लागलेला. ऊन समोरच्या शिखरांवर आलं होतं. इथे पोचायला थोडा वेळ होता, आणि ऊन पोचलं की दगड सुटायला लागणार.

फिर्मांनं कातळाच्या सुळक्याला दोर बांधला. आमच्यात नियम असा, की ज्यानं वाट पाडली त्यानं आधी उतरायचं. मला ते मान्य होतं. वाईट वाटत होतं, पण मान्य होतं. मी म्हटलं, "जा तू पुढे. वाट तुझी. टाचेशी डाव्या भिंतीला धरून जायचं ना? खांदा घासत?"

तो दोराच्या गाठीशी खेळत बसला. गाठ केव्हाच बसली होती.

"फिर्मां?"

"डावीकडे जाऊ नकोस."

"तू तर नेहमी सांगतोस..."

"मला माहीत नाही कुठून जायचं," तो म्हणाला. "मी कधी उतरलोच नाही."

वारा नव्हता. इतकी शांतता होती की मला ऐकू आलं नाही असं म्हणायचीही सोय नव्हती.

"इथपर्यंत आलो होतो," तो म्हणाला. "एका मित्राबरोबर. वाकून बघितलं आणि परत फिरलो. दोघंही. तो पुढे कॅनडाला गेला. त्या संध्याकाळी कोणीतरी विचारलं, उतरलास का, मी हो म्हटलं. बर्फाबद्दल आपण बोलतो तसंच. मग ते राहिलंच. दर वर्षी थोडं वाढत गेलं. खांदा मी नंतर घातला."

"अरे गाढवा," मी म्हटलं. झाडं मागे राहिली होती, मला अधिकार होता. "मी डाव्या भिंतीला गेले असते. तुझ्या त्या खांद्यावर विश्वास ठेवून कड्यावरून गेले असते."

"म्हणून तर सांगितलं."

त्याच्यावर ओरडावं असं वाटलं, आणि ओरडलेही थोडी. तो खाली मान घालून ऐकत राहिला, माझ्या वर्गातलं पोर चड्डी ओली झाल्यावर उभं राहतं तसा. मग मी विचारलं, "इतकी वर्षं परत का आला नाहीस कधी?"

"कोणाबरोबर? ज्यानं एकदा केलंय त्याला कोण विचारतं? सगळे म्हणायचे, फिर्मांचं झालंय, दुसऱ्याला संधी देऊ. आणि मी कसं म्हणणार? काल तू दारात उभी राहून खरं बोललीस आणि सगळे हसले. मला वाटलं, आता जावं. नाहीतर मरेपर्यंत त्या टेबलाशी बसून तोच खांदा घासत राहीन."

माझा राग गेला असं नाही म्हणत. पण त्या रागाच्या शेजारी थोडी जागा झाली.

"मी पुढे जातो," तो म्हणाला. "टाचेशी काय आहे ते बघतो आणि तुला ओरडून सांगतो."

"तू सांगणार?" मी म्हटलं. "मला? बर्फ कसा आहे ते?"

त्याचं त्यालाच हसू आलं. मग मलाही. त्या उघड्या खिंडीत आम्ही दोघं म्हातारी माणसं पोट धरून हसलो. आणि त्यानंच गोष्ट मिटली. त्यानं सांगितलेलं मी ऐकणार नव्हते, म्हणजे नियम काहीही असो, पुढे मीच जायला हवं होतं. मी काटे काढून स्की चढवल्या, त्यानं दोर माझ्या कमरेला अडकवला, छज्ज्याचा तुकडा कुऱ्हाडीनं पाडला आणि मला हळूहळू खाली सोडलं. कातळ संपला, माझ्या स्की बर्फावर टेकल्या. मी दोर सोडवला.

आता मी होते मोज्यात. खांद्याजवळ बर्फ, उतार इतका उभा, की हात नुसता बाजूला केला तरी कोपर टेकत होतं. भीती वाटत होती आणि ती चांगली होती, डोकं स्वच्छ करणारी. मी काठी रोवली, उडी मारली, हवेत दोन्ही स्की फिरवल्या आणि दुसऱ्या अंगाला टेकले. धार बसली. सैल बर्फ माझ्याजवळून सळसळत पुढे गेला, मी त्याला जाऊ दिलं, मग पुन्हा उडी. गुडघ्यानं कुरकूर केली नाही. मी वाट बघत होते गुडघ्याच्या ओरडण्याची, आणि तो गप्प. चौथ्या-पाचव्या उडीनंतर मी त्याला विसरून गेले. भांडी घासताना घेतलेली सगळी वळणं एकेक करून खरी होत होती. मोठ्यानं हसत होते म्हणे मी, असं फिर्मां नंतर म्हणाला. असेन.

टाचेच्या वर उजव्या कातळात कोनाडा आहे, दोन माणसं उभी राहतील एवढा. मी तिथे शिरले आणि फिर्मांला हाक दिली. तो दोरावरून उतरला, मग हळूहळू, सावध, त्याच्या जुन्या देखण्या वळणांनी खाली आला. कोनाड्यात आला तेव्हा धापा टाकत होता.

"चांगला आहे," तो म्हणाला. "फारच चांगला आहे गं."

"बोलू नकोस. इथेच थांब."

टाच कोनाड्यातून दिसत नव्हती. मी कडेकडेनं सरकत पुढे गेले. डावीकडे बर्फ गुळगुळीत आणि सुंदर, बघणाऱ्याला वाटेल इथूनच जावं. मी काठीचं टोक टेकवलं. टण्ण वाजलं. दोन बोटं भुसभुशीत बर्फ आणि खाली गोठलेली काच. त्या काचेच्या पुढे कडा आणि कड्याच्या पुढे आमचं गाव, चर्चचा मनोरा आगपेटीएवढा. उजवीकडे, पुढे आलेल्या कातळाच्या पोटाखाली, एक अरुंद पट्टा मऊ राहिला होता. स्कीच्या लांबीएवढाच रुंद. मी श्वास घेतला, पोट कातळाला लावलं आणि तीन लहान उड्यांत वळण घेतलं. तिसऱ्या उडीला सगळा भार उजव्या पायावर आला. त्यानं तो घेतला. मग अचानक जागा मोकळी झाली, उतार मऊ झाला आणि मी कातळाच्या आडोशाला उभी राहिले. झालं होतं.

वरून फिर्मांचा आवाज आला. "सोलांज?"

"हां."

"पोचलीस?"

"पोचले."

मला माहीत होतं तो काय विचारणार. मी मुद्दाम काही बोलले नाही. तीस वर्षं मला फसवलंय, थोडं उभं राहू दे त्या कोनाड्यात.

"कसा आहे बर्फ?" त्यानं शेवटी विचारलं.

'काँक्रीट' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. आयुष्यभराची सवय आहे. मी तो गिळला आणि माझ्या वर्गातल्या पोरांशी बोलते त्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "डावीकडे काच आहे. दोन बोटं बर्फाखाली. तिकडे बघूही नकोस. उजवीकडे कातळाच्या पोटाखाली पट्टा आहे, अरुंद, पण चांगला. पोट भिंतीला लाव. तीन उड्या, लहान. तिसरी झाली की मोकळं आहे."

ऊन टाचेच्या वरच्या कातळाला लागलं होतं. एक बारीक खडा टपटपत खाली गेला.

"फिर्मां, ऊन आलं."

"मला इथून तुझे कान दिसत नाहीत," तो म्हणाला.

"तर मग ऐक. खरं आहे. मी तुझ्याशी खरं बोलतेय."

तेव्हा मला जाणवलं, की हे वाक्य आमच्या गावात कोणी कोणाला म्हणत नाही. आणि त्याला ते कसं ऐकू येत असेल, काय माहीत. त्याच्या जागी मी असते तर विश्वास ठेवला असता का? मला खात्री नाही.

मग त्याच्या स्कींचा आवाज आला. एक उडी. दोन. तो कातळाआडून दिसायला लागला, पोट भिंतीला, डोळे माझ्यावर, डावीकडे बघत नव्हता. तिसऱ्या उडीला मागची स्की थोडी सरकली, आणि धार बसली. तो आला. माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, मग उभा राहवेना म्हणून बसला. चेहरा पांढरा पडला होता आणि तो रडत होता, न लपवता, नाक ओढत. मी खिशातला रुमाल दिला. नाक पुसायचे रुमाल माझ्याकडे नेहमी असतात.

खालचं सगळं पाऊल आम्ही एकत्र उतरलो, मोठमोठी सैल वळणं घेत, तो डावीकडे, मी उजवीकडे. दरीच्या पलीकडे सावलीच्या उतारावर बारीक काळे ठिपके दिसत होते. अख्खा गाव. तिकडे तो आठवडाभर खरोखरच पापुद्रा धरलेला बर्फ होता, एकेक जण पडत-उठत खाली येत असणार. आता ते सगळे ठिपके जागच्या जागी थांबले होते. कोणीतरी, बहुतेक नादेजनं, काठी वर करून हलवली. फिर्मांनं टोपी काढून झोकात नमस्कार केला.

"त्यांना काय सांगू?" त्यानं विचारलं. "आज पहिल्यांदा उतरलो, असं सांगू?"

"सांग की. कोण विश्वास ठेवणार?"

त्याला ते एकदम पटलं आणि जरा वाईटही वाटलं. आम्ही सपाटीला लागलो, स्की काढल्या आणि वर बघितलं. मोज्यात दोन ओळी, वरपासून टाचेपर्यंत, एकमेकींच्या शेजारी. मला एकाएकी भरून आलं. आतापर्यंत हसत होते आणि आता रडू थांबवता येईना. फिर्मां घाबरला.

"गुडघा? फार दुखतोय का?"

"नाही," मी म्हटलं. "जराही नाही. तेच तर."

तो माझ्या पायाकडे बघत राहिला. "मग गुरुवारचं रद्द कर."

मी उजवा पाय वाकवून बघितला, सरळ करून बघितला. सकाळी चढताना चावत होता, आणि उद्या पुन्हा चावणार होता, हे मला पक्कं माहीत होतं. डॉक्टरीणबाईंनी फोटोत दाखवलं होतं, आत काही उरलेलं नाही. ज्याच्यात काही उरलेलं नाही त्यानं तिसऱ्या उडीला माझा सगळा भार घेतला.

"नको," मी म्हटलं. "घेऊन जाऊ देत त्याला. चांगल्या दिवसानंतर जाऊ दे."

फिर्मांनं मान हलवली, माझ्या स्की आपल्या खांद्यावर घेतल्या, आणि रेजीससाठी सॉसेज घ्यायला आम्ही बाजाराच्या रस्त्याला लागलो.